परकोटावरून एक गोल नजर

डिसेंबर १८६८. बडनेऱ्याच्या फलाटावर तुम्ही उतरता तेव्हा जमिनीतली थंडी जोड्यांतून वर चढते आहे. गाडी पुढं नागपूरकडं निघून जाते. तिचे रूळ आदल्याच वर्षी तिथं पोचलेत. अमरावतीचा फाटा मात्र अजून पडलेला नाही, तो १८७१ मध्ये येईल. तेव्हा पुढचे तीन कोस बंडीनं.

तुम्ही एका फोटोग्राफरचे मदतनीस आहात. हा फोटोग्राफर आणि हा प्रवास कल्पनेतला आहे. त्यातलं रसायन, परकोट आणि ऊन खरं आहे. बंडीत तुमच्याआधी सामान चढतं: पितळी भिंगाचा लाकडी कॅमेरा, तिपाई, काळ्या कापडाचा तंबू, काचांची पेटी, आणि कडब्यात गुंडाळलेल्या बाटल्या. पेटी तुमच्या मांडीवर. चाक खड्ड्यात गेलं की काचा कुरकुरतात आणि तुम्ही श्वास रोखून धरता.

रस्ता कापसानं भरलाय. समोरून, मागून, नुसत्या बंड्या. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं. त्या चार वर्षांत इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडाच्या मालाला जो भाव चढला त्यानं या मुलखाचं रूपच पालटलं. भाव पुढं उतरला, पण बंड्यांची रांग उतरलेली नाही. तुमची बंडी कडेला थांबते आणि पांढऱ्या ढिगांची ती रांग जाऊ देते.

पुढ्यातल्या बाटलीत काय आहे, ठाऊक आहे? कापूसच. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांत भिजवला की तो भडकून जळणारा गनकॉटन होतो. तो ईथर आणि स्पिरिटात विरघळवला की मधासारखा दाट द्रव मिळतो, त्याला कलोडियन म्हणतात. हा द्रव काचेवर ओतायचा, काच चारी कोपऱ्यांकडं कलती करून सारखा पसरवायचा, मग काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. ज्या पिकावर हे गाव उभं राहिलं, त्याच पिकाच्या पातळ पापुद्र्यावर ते आज उमटणार आहे. वऱ्हाडच्या कोणत्याही जुन्या छायाचित्राकडं पाहताना मला ही गोष्ट आधी आठवते.

महिना डिसेंबरचा का, हेही त्याच बाटलीत आहे. ईथर ३४.६ अंशांना उकळतं. वैशाखात वऱ्हाडात सावलीतसुद्धा त्याहून जास्त ताप असतो. बूच काढताच बाटली फसफसेल आणि पापुद्रा काचेवर पसरायच्या आत सुकून तडकेल. पाण्याचीही तीच कथा. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून जातो. तिथल्या विहिरीचं पाणी चांदीच्या द्रावणात पडलं तर ते क्षणात दुधाळ होतं, कारण मीठ आणि चांदी मिळून न विरघळणारा पांढरा साका तयार होतो. म्हणून तुमच्या बंडीत पावसाळ्यात धरून ठेवलेल्या पाण्याचे दोन घडेही आहेत. त्यांना कुणी तोंड लावायचं नाही.

अमरावती दिसते ती आधी भिंतीसारखी. निजामाच्या सरकारनं १८०७ मध्ये पेंढाऱ्यांच्या धास्तीनं हा परकोट बांधायला घेतला. घेर सव्वादोन मैल, उंची कुठं २० फूट, कुठं २६. अंबागेट, खोलापुरी, नागपुरी, भुसारी असे दरवाजे आणि मधून लहान खिडक्या. त्यांतली एक खुनारी खिडकी. १८१८ मध्ये तिच्यापाशी झालेल्या लढाईत सातशे माणसं पडली, म्हणून तिला ते नाव, असं जुनं गॅझेटियर सांगतं. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आहे, पेंढारी कधीचे संपलेत, पण रात्री दरवाजे लागतातच.

अंबागेटाजवळून तुम्ही वर चढता. एका अंगाला परकोटातलं गाव: मातीची धाबी, व्यापाऱ्यांच्या वाड्यांचे मजले, गच्च्यांवर वाळत घातलेली लुगडी. दुसऱ्या अंगाला अंबादेवी आणि एकवीरेची देवळं. हवा स्वच्छ आहे, म्हणून उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. तिथंच कुठं गाविलगड असेल.

हे सगळं एका काचेवर मावत नाही. काच एका नजरेत मावेल तेवढंच घेते, आणि गाव तर तुमच्या भोवती आहे. रॉबर्ट बार्करनं १७८७ मध्ये गोल चित्राचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे गोल इमारतीच्या भिंतीवर चहूबाजूंनी रंगवलेलं शहर आणि मधे उभा प्रेक्षक. १८३१ मध्ये लंडनमध्ये मुंबई बेटाचं असं चित्र मांडलं होतं. पुढं कॅमेरा आला आणि चित्रकाराचं काम काचांच्या ओळीवर आलं. फेलिचे बेआतोनं १८५८ मध्ये दिल्लीच्या जामा मशिदीवरून आणि लखनौमध्ये काचेला काच जोडत पडझडीतली शहरं टिपली.

तुमचा फोटोग्राफर तिपाई रोवतो आणि काळ्या कापडात डोकं घालतो. दुधी काचेवर अमरावती उलटी दिसते, आभाळ खाली, धाबी वर. तो उजव्या कडेची एक खूण धरतो, देवळाची ध्वजा. दुसऱ्या काचेत तीच ध्वजा डाव्या कडेला आली पाहिजे. दोन काचांत एवढा सामाईक भाग हवाच, नाहीतर सांधा जुळणार नाही.

तंबूत तुम्ही काच तयार करता. ईथरच्या वासानं डोकं गरगरतं, चांदीच्या पाण्यानं बोटं काळी पडतात. ओली काच घेऊन धावत बाहेर. टोपण काढलं, मनात आकडे मोजले, टोपण लावलं. पुन्हा धावत आत. काच सुकायच्या आत तिच्यावरचं चित्र रसायनानं उमटवायचं, मग ती धुऊन स्थिर करायची. मग तिपाईचं डोकं थोडं उजवीकडं, आणि पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्या फेरीला पाच काचा लागतात आणि त्यात सकाळ जाते. पहिल्या काचेवर बुरजाची सावली भिंतीच्या पायथ्याशी लांब पसरलेली होती. पाचवीवर दुसऱ्या बुरजाची सावली बरीच आखडली आहे.

एक म्हातारा काठी टेकत वर येतो आणि बराच वेळ बघत राहतो.

"काय करून राह्यले जी तुमी?"

"गावाचं चित्र काढतोय, बाबा."

"नुसत्या घरायचं? मानसं कुठी हायेत?"

तो बरोबर विचारतो. टोपण उघडं असताना जे हललं ते काचेवर राहत नाही. खाली बाजारात शेकडो माणसं आहेत, आडत्यांची घासाघीस इथवर ऐकू येते, आणि काचेवर रस्ता मोकळा आहे. जुवातून सोडलेला एक बैल रवंथ करत स्थिर बसला होता, तो तेवढा उमटलाय. देवळावरची ध्वजा वाऱ्यानं पुसट झाली आहे आणि भगवी असून काळी दिसते, कारण या काचेला निळा उजेड कळतो, तांबडा-केशरी कळत नाही. आभाळ त्याच कारणानं कोरं पांढरं. वऱ्हाडातला वर्षातला सर्वांत गजबजलेला महिना, आणि चित्रात गाव ओसाड.

आता तिपाईचं डोकं जरा उजवीकडं फिरवा. साल तेच राहू दे, पण मन बुलढाण्याकडं न्या. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलेला मेजर रॉबर्ट गिल याच काळात कॅमेरा घेऊन तिथल्या लोणारच्या देवळांपर्यंत फिरला आहे. त्यानं आयुष्य घालून रंगवलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळून गेल्या. तो दोन भिंगांचा कॅमेरा वापरतो. दोन डोळ्यांइतकं अंतर ठेवून घेतलेली दोन चित्रं शेजारी ठेवून खास चष्म्यातून बघायची, की लेण्यातला खांब अंगावर येतो. तिथं जोडणी बघणाऱ्याच्या मेंदूत होते, आणि भिंग थोडं बाजूला सरकलं म्हणूनच होते.

परकोटावर तुमचं काम याच्या नेमकं उलट आहे. इथं भिंग बाजूला सरकता कामा नये. ते सरकलं की जवळची कमान मागच्या वाड्यासमोर एका काचेत इथं दिसते, दुसऱ्या काचेत तिथं, आणि मग कितीही कातरा, सांधा बसत नाही. जात्याची वरची तळी मधल्या खिळ्याभोवती फिरते तसा कॅमेरा एका बिंदूभोवती फिरला पाहिजे, आणि तो बिंदू तिपाईच्या स्क्रूवर नसतो. भिंगातून येणारे किरण जिथं एकमेकांना ओलांडून जातात, तिथं तो असतो. जुन्या माणसांनी हे काचा वाया घालवून शिकून घेतलं. आजही जोडचित्र बिघडतं ते बहुधा इथंच. दूरच्या डोंगराला याचा फरक पडत नाही. हाताशी असलेल्या कठड्याला पडतो.

पुढं जगात हे वेड वाढत जाईल. १८७५ मध्ये चार्ल्स बेलिस सिडनी शहर २३ काचांत घेईल, जोडून सुमारे दहा मीटर लांब. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज सॅन फ्रान्सिस्को १३ काचांत घेईल. त्यातली एक काच ओळ सोडून काही तासांनी घेतलेली आहे, सावल्यांवरून ते कळतं. मला त्या अख्ख्या चित्रात ती काच सर्वांत मोलाची वाटते. शहर एका क्षणाचं आहे असं बाकीची चित्रं भासवतात. ती एकटी काच दुपार कशी सरकली ते सांगते.

१८९७ मध्ये अमरावतीत काँग्रेसचं अधिवेशन भरतं, अध्यक्ष सी. शंकरन नायर. तोवर कोरड्या काचा आल्या आहेत, तंबू गेला आहे. फोटो मात्र माणसांचेच निघतात, रांगेत बसवून. वऱ्हाडातल्या घरोघरच्या पेट्यांत पुढची शंभर वर्षं हेच साठत जातं: रंगवलेल्या पडद्यासमोरचं नवं जोडपं, खुर्चीतले आजोबा, मुंज, बारसं. माणसं जपली. ज्या गल्लीतून ती चालली, ती गल्ली राहून गेली.

पुन्हा उजवीकडं.

अकोला, १९९४ ची दिवाळी नुकतीच झाली आहे. तुम्ही असदगडावर, हवाखान्याच्या उंच बुरजावर उभे आहात. औरंगजेबाच्या काळात, १६९७ मध्ये, असदखानाच्या नावानं हा किल्ला उभा राहिला. खाली मोर्णा, पलीकडं ताजनापेठ. टाक्या, मिनार, कळस, कडुलिंब, कापसाच्या जिनांची धुराडी. गळ्यात साधा कॅमेरा, त्यात ३६ चा रोल. त्या रोलच्या पट्टीतही कापूस आहेच: सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंपासून फिल्मचा पाया बनवतात. बंडी गेली, काच गेली, कापूस काही सुटला नाही.

तुम्ही नऊ फोटो घेता, डावीकडून उजवीकडं. एक काका विचारतात, "एवढं मोठं गाव एका फोटोत मावते काय भाऊ?"

"एका नाही काका, नवात."

"मंग जोडसान कसं?"

सेलोटेपनं. लॅबमधून प्रिंट येतात आणि मन खट्टू होतं. मशीननं प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा ठरवला आहे. आभाळ जास्त असलेला फोटो तिनं काळवंडून टाकला, झाडी जास्त असलेला फिका केला. एकच मोर्णा तीन रंगांची. मग कात्री घेऊन बसायचं. अनुभवी हात सरळ रेघेत कापत नाही. तो विजेचा खांब, इमारतीची कड किंवा देवळाचा कोपरा शोधतो, कारण तिथं आधीच एक रेघ असते आणि सांधा तिच्यात लपतो. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून जोडलेली ती लांब पट्टी कडेला वाकडी होत जाते. कॅमेरा फिरताना किंचित झुकला होता. अकोला हळूहळू टेकडी चढताना दिसतं. तरी ती पट्टी भिंतीवर लागते, आणि घरी येणारा प्रत्येक माणूस आधी आपलं घर शोधतो.

अजून उजवीकडं. अमरावती, २००६. टेबलावर संगणक, पंखा बंद. जर्मनीतल्या हेल्मुट डेर्श नावाच्या प्राध्यापकांनी १९९८ मध्ये जोडचित्रांसाठीचं गणित सर्वांना वापरता येईल असं मांडलं. डेव्हिड लो यांनी १९९९ मध्ये चित्रातल्या खुणा आपोआप ओळखायची रीत दिली, आणि २००३ मध्ये मॅथ्यू ब्राउन आणि लो यांनी ती जोडचित्रांना लावून दाखवली. परकोटावर फोटोग्राफर ध्वजा धरत होता, तेच काम संगणक करतो. फरक एवढाच की तो एक ध्वजा धरत नाही. कळसाचं टोक, खिडकीचा कोपरा, टाकीचा कठडा अशा हजारो खुणा तो दोन्ही फोटोंत शोधतो. चुकीच्या जोड्या पुष्कळ निघतात. एकसारख्या सदनिकांच्या एकसारख्या खिडक्या त्याला हमखास फसवतात. मग तो थोड्याच जोड्या उचलतो, त्यांवरून कॅमेरा किती फिरला असेल ते मांडतो आणि बाकीच्या किती जोड्या त्याला दुजोरा देतात ते तपासतो, पुन्हा पुन्हा, जास्तीत जास्त दुजोरा मिळेपर्यंत.

सांध्याचं काम पीटर बर्ट आणि एडवर्ड एडेल्सन यांनी १९८३ मध्येच सोडवून ठेवलंय. आभाळासारखी पसरट छटा रुंद पट्ट्यात हळूहळू मिसळायची, कौलाच्या कडेसारखा बारीक तपशील अगदी अरुंद पट्ट्यात. तीन रंगांची मोर्णा आता एका रंगाची होते.

पट्टी पडद्यावर पुढं सरकते आहे. निम्मं काम झालंय.

लाईन जाते.

भारनियमनाची ती वर्षं वऱ्हाडातला कुणी विसरणार नाही. अंधारात तुम्ही बसून राहता आणि बाहेर कुणीतरी ओरडतं, "किती वाजता येते म्हन्ते लाईन?" वीज आल्यावर पहिल्यापासून सुरुवात.

शेवटी चित्र तयार होतं आणि त्यात राजकमल चौकाकडून येणारी एक ऑटोरिक्षा अर्धीच आहे. पुढचं चाक एका फ्रेममध्ये, मागचं कुठंच नाही. एक बाई त्याच रस्त्यावर दोनदा चालते आहे. १८६८ मध्ये माणसं उमटत नव्हती, आता दुपटीनं उमटतात. आज ही सगळी 'भुतं' पुसून टाकणारं सॉफ्टवेअर आहे आणि लोक ते मन लावून वापरतात. मी म्हणेन, पुसू नका. ती बाई खरोखर दोन्ही ठिकाणी होती, थोड्या थोड्या वेळानं. चौक जिवंत होता याची चित्रातली तेवढीच साक्ष आहे.

आता आजची सकाळ. अमरावतीत मालटेकडी चढून या. फिरायला आलेली माणसं खाली उतरू लागली आहेत. हातातला मोबाइल एका झोक्यात अर्धं शहर जोडून देतो, न थांबता, न विचारता. तो झोका देऊ नका. मोबाइल उभा धरा, उजेड आणि रंग एकदा ठरवून कुलूपबंद करा, म्हणजे १९९४ च्या लॅबसारखा तो प्रत्येक फ्रेमला वेगळा उजेड देणार नाही. प्रत्येक फ्रेममध्ये मागच्या फ्रेमचा तिसरा हिस्सा येऊ द्या. हात लांब करून गोल फिरू नका. तसं केलं की भिंग मोठ्या वर्तुळात फिरतं आणि कठड्याचे तुकडे होतात. मोबाइल जागेवर ठेवा आणि तुम्ही त्याच्याभोवती फिरा. मे महिन्यात दुपारी तर जाऊच नका. पारा ४५ च्या पुढं गेला की तापलेली हवा दूरच्या टाक्या आणि मनोरे हलवत राहते, खुणा जुळत नाहीत. पाऊस संपून धूळ बसलेली असताना, उन्हं कोवळी असताना जा.

मग अकोल्याला या, असदगडावर. २०१८ च्या जानेवारीत अकोलेकर हजारोंनी मोर्णेत उतरले आणि त्यांनी जलकुंभी उपसली. देशानं ते ऐकलं. ज्यानं कुणी त्या आधी आणि नंतर याच बुरजावरून चहूबाजूंना कॅमेरा फिरवला असेल, त्याच्यापाशी नदीचा असा पुरावा आहे जो कोणत्याही अहवालात नाही. परकोट पूर्ण होता तेव्हाची, जिनांची धुराडी धूर ओकत होती तेव्हाची अशी सलग चित्रं आपल्या घरांत किती आहेत, ते पेट्या उघडून बघा. सेलोटेपनं जोडलेली एखादी पिवळी पट्टी सापडली तर टेप ओढून काढू नका, आहे तशीच स्कॅन करा.

आणि नवं जोडचित्र करताना सुट्या फ्रेमा पुसू नका. जोडणारं सॉफ्टवेअर दर काही वर्षांनी सुधारतं, तेव्हा याच फ्रेमा पुन्हा नीट जोडता येतील. फाइलच्या नावात गाव, जागा, तारीख आणि वेळ लिहा. कोणत्या दगडावर उभं राहून काढलं तेही लिहा. एक प्रत गावच्या वाचनालयाला द्या. येत्या कार्तिकात सुरुवात करा, आणि दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच दगडावरून काढत राहा.